मर्यादेत सोडलेले पाणी आणि नदीतला मासा



गळीत हंगाम सरत आला आणि ऊन चढू लागले, की नदीकाठच्या गावांतून एक बातमी हमखास येते. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी काळवंडले, वास सुटला, आणि सकाळी बघतात तो मासे पोट वर करून तरंगताहेत. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेच्या काठाला मेलेल्या माशांचा खच पडला होता, तो साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. पंचगंगेच्या खालच्या भागात, शिरोळ तालुक्याच्या बाजूला, हा प्रकार कितीतरी वेळा होऊन गेला आहे. मासे मेले की पंचनामा होतो, बाटल्या भरून नमुने जातात, आणि चावडीवर दोन तट पडतात. एक म्हणतो, कारखानदारांनी मळी सोडली. दुसरा म्हणतो, कारखान्यांचे पाणी मर्यादेत आहे, घाण आहे ती शहराच्या सांडपाण्याची. दोघेही जोरात बोलतात. पण "मर्यादा" म्हणजे काय, ती कुणी ठरवली आणि कुणाला जगवायला ठरवली, हे विचारा, की दोघेही गप्प.

सभासदाला हे माहीत असायला हवे. मर्यादा पाळण्याचा खर्च शेवटी उसाच्या दरातूनच जातो, आणि मर्यादा मोडल्याचा दंडही त्यातूनच. शिवाय ज्या नदीत ते पाणी जाते, तिच्यातूनच आपल्या उपसा योजना पाणी उचलतात आणि आपल्याच गावांच्या नळाला पाणी येते. म्हणून या अंकात हा विषय जरा सविस्तर घेत आहोत. आकडे येतील, पण उसाचे वजन, उतारा आणि बिल यांचे आकडे रोज पाहणाऱ्या सभासदाला ते जड जाणार नाहीत.

मासा श्वास कशाचा घेतो

मासा पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कल्ल्यांतून घेतो. हा ऑक्सिजन अगदी थोडा असतो. स्वच्छ पाण्यात २० अंश तापमानाला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. ३० अंशाला साडेसातच. म्हणजे उन्हाळ्यात, जेव्हा माशाचे शरीर अधिक ऑक्सिजन मागते, नेमके तेव्हाच पाण्यात तो कमी असतो. चार मिलिग्रॅमच्या खाली पाणी गेले की रोहू-कटल्यासारखे मासे अडचणीत येऊ लागतात, दोनच्या खाली बहुतेकांचा जीव जातो. मरळ आणि मांगूर वर येऊन थेट हवेतून श्वास घेतात, म्हणून ते तग धरतात, चिलापीही चिवट. ज्या डोहात हेच तीन मासे उरले आहेत, तिथे नदी आजारी आहे, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. भोई मंडळींना ते आपल्या आधी कळलेले असते.

आता हा ऑक्सिजन कुठे जातो? रस दोन दिवस उघडा ठेवला तर आंबतो, हे आपण पाहतोच. आंबवणारे सूक्ष्म जीव नदीतही असतात. साखर, मळी, मैला, सडका पाला असे काहीही त्यांना मिळाले की ते त्यावर तुटून पडतात आणि ते खाताना पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. एक किलो साखर पुरती कुजायला सुमारे एक किलो एकशे वीस ग्रॅम ऑक्सिजन लागतो. साखर विषारी नव्हे, आपण ती चहात घालतो. पण नदीत ती माशाच्या तोंडचा श्वास काढून घेते. सांडपाणी असा किती ऑक्सिजन ओढील, याच्या मोजमापाला बी.ओ.डी. म्हणतात. भारतात हे माप २७ अंश तापमानाला तीन दिवस ठेवून घेतात.

हिशेब करून पाहू. दिवसाला ५,००० टन गाळप करणारा कारखाना धरा. टनामागे १०० लिटर प्रक्रियेचे सांडपाणी म्हणजे रोजचे ५ लाख लिटर. गव्हाणीपासून पॅनपर्यंतच्या धुण्याचे, गळतीचे, तेलकट असे हे पाणी शुद्ध न करता सोडले आणि त्याची बी.ओ.डी. लिटरमागे १,००० मिलिग्रॅम धरली, तर ते रोज ५०० किलो ऑक्सिजन मागेल. उन्हाळ्यात नदीच्या लिटरभर पाण्यात साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन आहे आणि चारच्या खाली जाऊ द्यायचे नाही, म्हणजे खर्चायला साडेतीन मिलिग्रॅम. पाचशे किलोसाठी असे १४ कोटी लिटरांहून अधिक पाणी लागेल. ५० मीटर रुंद आणि २ मीटर खोल पात्र धरले, तर जवळजवळ दीड किलोमीटर नदी, आणि हे फक्त एका दिवसाच्या सांडपाण्यापोटी.

अर्कशाळेच्या स्पेंट वॉशची गोष्ट याहून भारी. कच्च्या स्पेंट वॉशची बी.ओ.डी. लिटरमागे ४० ते ५० हजार मिलिग्रॅम असते. दहा हजार लिटरचा एक टँकर रात्री ओढ्यात ओतला, तर तो एकटा सुमारे ४५० किलो ऑक्सिजन मागतो. म्हणजे वरच्या सबंध कारखान्याच्या एका दिवसाइतके काम तो एकटा टँकर करतो. म्हणूनच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि उद्योग यांच्यात २००३ साली झालेल्या सनदेत अर्कशाळांनी स्पेंट वॉश बाहेर सोडायचाच नाही, सगळा वापरून टाकायचा, असे ठरले. इथे मर्यादेचा आकडा उरलाच नाही, मर्यादा शून्य. एका टँकरने काय फरक पडतो, असे कुणी म्हणाला तर त्याला हा हिशेब दाखवावा.

हे सगळे कुजणे एका रात्रीत होत नाही, आणि वाहत्या पाण्यात वरून हवेतला नवा ऑक्सिजन मिसळत राहतो. खडकावरून फेसाळत जाणारी नदी बरेच काही पचवते. बर्गे घालून अडवलेले, हलत नसलेले, वर केंदाळ माजलेले पाणी मात्र पचवत नाही. आपली नदी हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत बंधाऱ्याबंधाऱ्यांत अडलेली असते, आणि आपला गळीत हंगामही त्याच दिवसांतला.

मर्यादेचा जन्म

सांडपाण्याला बी.ओ.डी.ची मर्यादा घालण्याची पद्धत इंग्लंडातून आली. तिथे १८९८ साली सांडपाण्याविषयी एक शाही आयोग नेमला होता. त्याचा आठवा अहवाल १९१२ साली आला आणि त्यात सांडपाण्याची बी.ओ.डी. लिटरमागे २० मिलिग्रॅमपेक्षा आणि गाळ ३० पेक्षा जास्त नसावा, असे सांगितले होते. पण त्या आकड्याला एक अट होती, आणि ती अट पुढे लोक विसरले. नदीत सांडपाण्याच्या निदान आठ पट स्वच्छ पाणी वाहत असले पाहिजे, ही ती अट. नदीची स्वतःची बी.ओ.डी. २ असेल, तिचे आठ भाग आणि २० वाल्या सांडपाण्याचा एक भाग मिसळला, तर मिश्रण बरोबर ४ भरते. चारच्या वर गेले की नदी बिघडते, असे आयोगाने पाहून ठेवले होते. म्हणजे २० हा आकडा स्वतंत्र नव्हताच. तो नदीच्या ४ वरून उलटा काढलेला होता. मापासाठी पाच दिवस का धरले? तर इंग्लंडातली कुठलीही नदी पाच दिवसांत समुद्राला मिळते म्हणून, असे सांगतात. आपली कृष्णा महाबळेश्वरहून निघून बंगालच्या उपसागरापर्यंत सुमारे १,४०० किलोमीटर जाते. तिला पाच दिवसांचा हिशेब कसा पुरणार!

आपल्याकडे महाराष्ट्राने १९६९ सालीच पाणी प्रदूषणाविरुद्ध स्वतःचा कायदा केला आणि १९७० साली राज्याचे मंडळ स्थापन झाले. देशाचा जल कायदा १९७४ चा, आणि पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. साखर कारखान्यांसाठी आज जी मानके लागू आहेत ती केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये सुधारून दिली. नदी-नाल्यात सोडायचे असेल तर बी.ओ.डी. ३० आणि गाळ ३०. जमिनीवर सोडायचे असेल तर दोन्ही १००. तेल-ग्रीस १०. सामू साडेपाच ते साडेआठ. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे पाणी किती सोडायचे यालाच बंधन घातले. पूर्वी टनामागे ४०० लिटर चालत असे, ते २०० वर आणले. त्यातही शुद्ध केलेले सांडपाणी १०० आणि स्प्रे पाँड किंवा कूलिंग टॉवरचे जादा पाणी १००. ही सुधारणा आम्हाला फार मोलाची वाटते. नुसता लिटरमागचा आकडा ठेवला, की कुणीही सांडपाण्यात विहिरीचे पाणी ओतून तो आकडा खाली आणू शकतो. दुधात पाणी घातले म्हणून चरबी कमी होत नाही, ती फक्त पसरते. नदीला लिटरमागचे मिलिग्रॅम कळत नाहीत, तिला दिवसाचे एकूण किलो कळतात.

आता ३० मिलिग्रॅमचे शुद्ध केलेले पाणी नदीत गेले असे समजा. आंघोळीलायक नदीची बी.ओ.डी. ३ च्या आत हवी असे केंद्रीय मंडळ म्हणते. वरून येणारी नदी अगदी चांगली, १ ची असली, तरी आपल्या एका भागाला तिचे साडेतेरा भाग पाणी लागेल, तेव्हा मिश्रण ३ वर येईल. आणि नदी वरच्या शहरातूनच ३ होऊन आली असेल तर? तर आपल्यासाठी जागाच उरलेली नाही. मग आपले पाणी कागदावर मर्यादेत, वरच्या गावाचे मर्यादेत, शेजारच्या कारखान्याचेही मर्यादेत, आणि खाली बंधाऱ्यात मासा मेलेला. चावडीवरच्या भांडणाचे उत्तर इथे आहे. पाइपाच्या तोंडाची मर्यादा आणि नदीची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली पाळली म्हणून दुसरी आपोआप पाळली जात नाही.

मासा "ड" वर्गात

नदीच्या मर्यादेतही मासा कुठे बसवला आहे ते बघण्यासारखे आहे. केंद्रीय मंडळाने नदीच्या पाण्याचे उपयोगानुसार पाच वर्ग केले. नुसते निर्जंतुक करून पिण्याचे पाणी "अ" वर्गात. तिथे ऑक्सिजन ६ किंवा जास्त. आंघोळीचे "ब", ऑक्सिजन ५. शुद्धीकरण करून पिण्याचे "क", ऑक्सिजन ४. मग "ड" म्हणजे वन्य जीव आणि मासे, ऑक्सिजन ४, सामू साडेसहा ते साडेआठ, मोकळा अमोनिया १.२ च्या आत. शेवटी "इ" म्हणजे शेती आणि यंत्र थंड करण्याचे पाणी. "ड" वर्गात एवढ्या तीनच गोष्टी आहेत. बी.ओ.डी. नाही, तापमान नाही, कीटकनाशके नाहीत.

या वर्गवारीने देशभरच्या नद्यांचा नकाशा करता आला, हे तिचे श्रेय. पण तिच्यात प्रश्न माणसाच्या उपयोगाचा आहे. मासा म्हणजे पाण्याचा एक उपयोग. वास्तविक पिण्याचे पाणी आपण गाळून, क्लोरीन टाकून घेतो. माशाला ती सोय नाही. जे आहे त्यातच चोवीस तास राहायचे, अंडी तिथेच घालायची. तेव्हा त्याला "क" च्या खाली बसवणे आम्हाला तरी पटत नाही.

आणि चार मिलिग्रॅम म्हणजे कधीचे चार? दुपारी बाराला की पहाटे पाचला? हिरवट पाण्यात शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडते आणि रात्री तेच शेवाळ तो ओढते. खताने माजलेल्या पाण्यात दुपारी दहा-बारा मिलिग्रॅम दिसेल आणि त्याच जागी पहाटे दोन उरलेले असतील. नमुना घेणारा माणूस जीपने साडेअकराला पोचतो. त्याच्या बाटलीत नदी निरोगी असते. मासा मात्र पहाटेच मरून गेलेला.

अमेरिकेने १९८६ साली उष्ण पाण्याच्या माशांसाठी ऑक्सिजनची जी शिफारस केली, तिच्यात ही गोष्ट धरली आहे. जिथे अंडी-पिल्ले असतात तिथे दिवसातला नीचांक ५ च्या खाली जाता कामा नये आणि सात दिवसांची सरासरी ६ हवी. मोठ्या माशांसाठी नीचांक ३ चालेल, पण तीस दिवसांची सरासरी साडेपाच हवी. म्हणजे एकच आकडा नाही. वय बघून, वेळ बघून आकडे. आपल्याकडे रोहू, कटला, मृगळ पहिल्या पुरात वर चढून अंडी घालतात. आणि पहिल्याच वळवाच्या पावसात कारखान्याच्या आवारातली सांडलेली मळी, भुश्श्याचा ढीग, गावाची तुंबलेली गटारे आणि ओढ्यात साचलेला काळा गाळ हे सगळे एकदम धुऊन नदीत उतरते. बर्गेही त्याच सुमाराला काढतात, तळाचे सडके पाणी एकदम खाली जाते. माशाच्या वर्षातला सर्वांत नाजूक आठवडा आणि नदीतला सर्वांत घाण आठवडा एकच. मर्यादा सुधारायची तर या आठवड्यापासून सुरुवात करावी.

शिंपल्यांचीही कथा ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने १९९९ साली गोड्या पाण्यातल्या अमोनियासाठी दीर्घ मुदतीची मर्यादा ठरवली, ती सामू ७ आणि २० अंश तापमानाला लिटरमागे ४.५ मिलिग्रॅम. त्यानंतर असे दिसले की माशांना काही होत नाही अशा पाण्यातही नदीतले शिंपले मरतात. शिंपला पळून जाऊ शकत नाही, आयुष्यभर एका जागी पाणी गाळत बसतो. म्हणून २०१३ साली तोच आकडा १.९ वर आणला. शिंपला मरतो म्हणून शहरांच्या गटार प्रकल्पांचे आकडे बदलायचे, हे ऐकून आपल्यातले काही हसतील. पण विचार सरळ आहे: घरातले सगळ्यात नाजूक माणूस ज्या अन्नावर जगेल, त्यावर बाकीचे जगतातच.

अमोनियात आणखी एक मेख आहे. तो किती विषारी हे सामूवर ठरते. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर शंभरातला अर्धा-पाऊण भागच विषारी रूपात असतो; सामू ८ झाला की पाच भाग; ९ झाला की छत्तीस. पॅन आणि बाष्पीभवनाच्या पात्रांच्या सफाईचे कॉस्टिक पाणी अचानक सुटले, तर नदीत आधीपासून असलेला, शहराने आणि शेतांनी सोडलेला अमोनिया एका तासात विष होतो. कारखान्याने अमोनिया सोडलेला नसतो, नुसता सामू वाढवलेला असतो. म्हणून सफाईचे पाणी वेगळ्या टाकीत धरून थोडे थोडे सोडायचे असते.

युरोपात २००० सालच्या पाणी आराखड्याने यापुढचे पाऊल टाकले. नदी चांगली की वाईट हे ठरवताना रसायनांच्या बरोबरीने तिच्यात कोणते मासे, कोणते किडे, कोणत्या वनस्पती आहेत हे मोजायचे. आपल्या केंद्रीय मंडळानेही जैविक निकष तयार केलेले आहेत, त्यात तळाचे किडे मोजतात. पावसाळ्यात दिव्याखाली एका रात्रीत मरून पडणारा, लांब शेपटीचा नाजूक मेफ्लाय नावाचा किडा असतो. त्याची अळी दगडाखाली सापडली तर पाणी चांगले. गाळात नुसत्या तांबड्या, वळवळणाऱ्या अळ्या सापडल्या तर पाणी घाण, कारण त्यांच्या अंगात ऑक्सिजन धरून ठेवणारे लाल द्रव्य असते आणि त्या जवळजवळ ऑक्सिजनशिवाय जगतात. नमुना घेणाऱ्याने कोणतीही वेळ गाठली तरी या अळ्या खोटे बोलत नाहीत. सहा महिन्यांचा हिशेब त्यांच्यात असतो. आमच्या मते कार्यक्षेत्रातल्या हायस्कुलांनी हे काम सहज करावे. चाळणी, पांढरी थाळी आणि गुडघाभर पाण्यात उतरायची तयारी एवढेच लागते.

पाणी किती वाहते, हाही मर्यादेचाच भाग. गंगेच्या वरच्या पात्रासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये असे ठरवून दिले, की नोव्हेंबर ते मार्च नैसर्गिक प्रवाहाच्या निदान २० टक्के, ऑक्टोबर, एप्रिल आणि मे मध्ये २५ टक्के, आणि पावसाळ्यात ३० टक्के पाणी नदीत राहू द्यायचे. आपल्याकडे हा विषय काढला की पहिला विरोध आपणच करू, कारण पाणी उपसणारे आपणच आहोत. पण आठ पटींची इंग्लंडची अट आठवा. मिसळायला पाणीच नसेल तर तीसचा आकडा निरर्थक आहे.

कारखान्याला हे परवडते का

सभासद विचारतात, माशासाठी एवढा खर्च का? याला आम्ही दोन उत्तरे देतो. पहिले, उसात सत्तर टक्के पाणी असते. टनाभर ऊस गाळला की ७०० लिटर पाणी उसाबरोबरच आत येते. ते वाफ होऊन, थंड होऊन परत मिळते. ते नीट वापरले तर हंगामात नदीतून पाणी फारसे घ्यावे लागत नाही आणि सोडावेही लागत नाही. दुसरे, नाल्यात जाणारी बी.ओ.डी. म्हणजे बरेचदा साखरच. पॅनमधून रस उडून कंडेन्सरच्या पाण्यात गेला की तो आपला उतारा घेऊन जातो. प्रयोगशाळेत अल्फा नॅफ्थॉल आणि गंधकाम्ल टाकून पाहतात; जांभळे कडे दिसले की पाण्यात साखर आहे. ते कडे मासा आणि सभासद दोघांच्याही नुकसानीचे आहे.

सर्वांत चांगला मार्ग नदीकडे जातच नाही. शुद्ध केलेले पाणी जमिनीला द्यावे. पिकाला पाणी नको असेल त्या दिवसांसाठी पंधरा दिवसांचे पाणी मावेल एवढा साठवण तलाव ठेवावा, असे मानकातच सांगितले आहे. मात्र जमिनीलाही पोट असते. निचरा नसलेल्या काळ्या रानात हे पाणी सतत दिले तर क्षार चढतील. क्षारपडीची कहाणी शिरोळ-मिरज भागात कुणाला सांगायला नको.

शेताचा वाटाही बोलून घेऊ. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे, सुरूला २५०. शिफारशीच्या वर, एकाच हप्त्यात, पाट भरून पाणी सोडून दिलेला युरिया पिकाला कमी आणि चरीला जास्त मिळतो. चरीतून ओढा, ओढ्यातून बंधारा, आणि बंधाऱ्यात केंदाळ. या नत्राला कुठलाही पाइप नाही, म्हणून त्याला कुठलीही मर्यादा नाही, कुणी नमुनाही घेत नाही. कारखान्याच्या नाल्याला २०१४ च्या आदेशापासून चोवीस तास मोजणारे यंत्र बसते. शेताच्या चरीला ते कधी बसेल असे वाटत नाही. हप्ते वाढवणे, खत मातीआड करणे आणि ठिबकमधून देणे, एवढे आपल्या हातात आहे, आणि त्यात खताचा पैसाही वाचतो.

शुद्धीकरण केंद्राचीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्यातले काम सूक्ष्म जीव करतात. बॉयलर पेटला त्या दिवशी ते तयार नसतात, त्यांना वाढायला वेळ लागतो. म्हणून केंद्र हंगामाच्या एक महिना आधी सुरू करायचे आणि गाळप बंद झाल्यावर एक महिना चालू ठेवायचे, असे २०१६ च्या नियमात घातले आहे. बॉयलर पेटायच्या आधी शेण आणि थोडी मळी टाकून टाक्या ढवळताना कुणी दिसला तर तो उद्योग रिकामा नव्हे.

शेवटी, उद्या आपल्याच बंधाऱ्यात मासे तोंड वर काढून गिळक्या मारताना दिसले तर काय करायचे, ते सांगतो. अशा वेळी बहुधा पहाट असते आणि जवळ फक्त एखादा सभासद असतो. दुपारपर्यंत थांबू नये. काचेची किंवा प्लास्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळून, पाण्याखाली धरून, बुडबुडा राहणार नाही अशी काठोकाठ भरून पाण्यातच झाकण लावावे. एक बाटली मासे दिसतात तिथली, एक वरच्या अंगाची जिथे मासे ठीक आहेत तिथली. चिठ्ठीवर तारीख, वेळ, जागा आणि पाण्याचा रंग लिहावा. बाटल्या सावलीत, बर्फात ठेवाव्यात, आणि लगेच ग्रामपंचायत, प्रदूषण मंडळाचे कार्यालय आणि कारखान्याची प्रयोगशाळा या तिन्ही ठिकाणी कळवावे. विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच मोजावा लागतो, म्हणून प्रयोगशाळेच्या माणसाला रसायने घेऊन नदीवर बोलवावे, बाटली पाठवून भागत नाही. मेलेले मासे गोळा करून कुणी बाजारात नेत असेल तर त्याला थांबवावे, आणि गुरे त्या दिवशी दुसऱ्या पाणवठ्यावर न्यावीत.